लिथियम, मीठ आणि सिस्टरची नजर

यंदा गणपतीत सगळे घरी जमलेले असताना भाचीनं सांगून टाकलं, की ती एम.एस्सी. नर्सिंग करणार आहे आणि विषय घेणार आहे मेंटल हेल्थ नर्सिंग. नात्यातल्या एका काकांनी लगेच विचारलं, "वेड्यांना सांभाळायला एम.एस्सी. कशाला लागते गं? दोन दणकट वॉर्डबॉय पुरतात की." दोघे-तिघे हसले. भाचीची आई हळूच म्हणाली, "त्यापेक्षा आयसीयूचं काहीतरी घे ना, त्याला किंमत तरी आहे."

मला राहवलं नाही. ज्युनिअर कॉलेजात मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे. आवर्तसारणीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या मूलद्रव्यानं, म्हणजे लिथियमनं, आमच्या मामांना वीस वर्षं माणसांत ठेवलं आणि त्याच मूलद्रव्यानं एका मे महिन्यात त्यांना मरणाच्या दारात नेऊन उभं केलं. तिथून त्यांना परत आणलं ते एका सिस्टरनं. भाची जो विषय शिकायला निघाली आहे, तोच ती सिस्टर शिकलेली होती.

मामांना बायपोलर आजार. उन्माद चढला की रात्र-रात्र जागरण, हजारोंची उधळपट्टी. उतरला की महिना-महिना अंथरूण. लिथियम कार्बोनेट सुरू झालं आणि घर ताळ्यावर आलं. त्या मे महिन्यात ते वऱ्हाडात एका लग्नाला गेले होते. पारा चव्वेचाळीसच्या वर. महिन्याभरापूर्वी बीपी वाढलेलं निघालं म्हणून मामींनी त्यांचं जेवण जवळजवळ अळणी केलेलं. गुडघे दुखत होते म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून ते चार दिवस घेत होते. त्यात लग्नाच्या जेवणानंतर जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप ओठांपर्यंत जाईना, निम्मा चहा बशीत आणि निम्मा सदऱ्यावर. पाय फाकवून चालायला लागले, जीभ जड झाली. एक जण म्हणाला, "परत सुरू झालं यांचं." दुसरा म्हणाला, "घेतलेली दिसतेय."

ज्या रुग्णालयात नेलं तिथंही पहिल्या चार तासांत हाच समज होता. मग रात्रपाळीच्या सिस्टरनं ओव्हर घेतला, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा घेतला. तिनं मामांना दोन्ही हात पुढं धरायला लावले आणि बोटांवर वर्तमानपत्राचा एक कागद ठेवला. कागद थरथरला नाही, अक्षरशः फडफडला. तिनं विचारलं, "काका, आज वार कोणता?" मामांना सांगता येईना. मग मामींकडं वळून एका दमात विचारलं, "लिथियम चालू आहे का? जुलाब किती दिवस? दुखण्याची गोळी घेतली? मीठ बंद आहे?" चारही उत्तरं मिळाल्यावर तिनं डॉक्टरांना उठवलं. लिथियमची पातळी तपासायला रक्त घ्यायचं ठरलं. ड्यूटीवरच्या मुलानं हिरव्या टोपणाचा बल्ब (रक्त ठेवायची छोटी नळी) उचलला, तो तिनं त्याच्या हातातून काढून घेतला आणि लाल टोपणाचा दिला. पातळी आली २.४. पहाटे मामा डायलिसिसवर होते.

त्या चार प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध? माझ्या मते वैद्यकातलं हे सर्वांत सुंदर रसायनशास्त्र आहे. थोडं सावकाश सांगतो.

लिथियम हा सोडियमच्या घराण्यातला, आवर्तसारणीत त्याच्या बरोबर डोक्यावरच्या घरात बसणारा. दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. तो गेला की दोघांवरही एक धन प्रभार. बहुतेक औषधं यकृत मोडून टाकतं. लिथियम मूलद्रव्यच आहे, ते मोडणार कसं? रक्तातल्या प्रथिनांनाही ते चिकटत नाही. शरीरातून बाहेर पडायला त्याला जवळजवळ एकच वाट आहे, मूत्रपिंड.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि आपण लघवी करतो दीड-दोन लिटर. म्हणजे गाळलेलं जवळजवळ सगळं परत घेतलं जातं. यातली मोठी वसुली गाळणीला लागूनच असलेल्या नलिकेच्या पहिल्या वळणदार भागात होते. सोडियम आणि पाण्याचा साधारण दोन-तृतीयांश हिस्सा तिथंच परत रक्तात जातो. तिथल्या पेशींच्या भिंतीत एक प्रथिन असतं, ते एक हायड्रोजन आयन बाहेर टाकतं आणि एक सोडियम आयन आत घेतं. या प्रथिनाला सोडियम आणि लिथियम यांतला फरक नीट कळत नाही. सोडियमच्या रांगेत लिथियमही आत शिरतं. पुढच्या भागात लिथियमची वसुली फारच थोडी होते. शेवटी गाळलेल्या लिथियमपैकी पाचवा ते चौथा हिस्सा लघवीतून बाहेर जातो, आणि गोळीचा डोस याच हिशेबावर ठरलेला असतो.

आता शरीरातलं मीठ आणि पाणी कमी झालं, असं समजा. घामानं, जुलाबानं, अळणी जेवणानं, कशानंही. रक्ताचं आकारमान घटलं की मूत्रपिंडातून रेनिन सुटतं, त्यातून पुढं अँजिओटेन्सिन-२ तयार होतं आणि ते त्या पहिल्या वळणाला सांगतं, सोडियम सोडू नकोस, मिळेल तेवढं धर. पेशी इमानदारीनं धरतात, आणि सोडियमबरोबर लिथियमही धरतात. गोळी तीच आणि वेळही तीच असते, फक्त बाहेर जाण्याची वाट अरुंद झालेली असते. (अकरावी-बारावीत अल्डोस्टेरॉन शिकलेल्यांना वाटेल की हे त्याचं काम. पण ते नलिकेच्या टोकाकडं काम करतं आणि लिथियमचा निकाल त्याआधीच लागलेला असतो.)

गुडघ्याच्या गोळीचंही तसंच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, म्हणून वेदना कमी होते. पण गाळणीकडं रक्त आणणारी बारीक धमनी उघडी ठेवण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतात, विशेषतः शरीर कोरडं पडलेलं असताना. ते नसले की धमनी आवळते, गाळणं मंदावतं, लिथियम साचतं.

यावर कडी म्हणजे लिथियम स्वतःच मूत्रपिंडाला पाणी राखू देत नाही. नलिकेच्या शेवटच्या भागात ते सोडियमच्या दारातून पेशीत शिरतं, पण सोडियमला बाहेर काढणारा पंप त्याला तितक्या तत्परतेनं बाहेर काढत नाही. ते आत साचतं, आणि पाणी परत घेणाऱ्या ॲक्वापोरिन-२ या जलवाहिन्या कमी होतात. मामांच्या उशाशी वीस वर्षं पाण्याचा तांब्या का असायचा आणि ते रात्रीतून तीनदा का उठायचे, हे मला त्या रात्रीनंतर वाचताना कळलं. अशा माणसाला पाणी मिळालं नाही तर तो इतरांपेक्षा लवकर सुकतो. विषबाधा सुरू झाली की उलट्या-जुलाब वाढतात, त्यानं शरीर आणखी सुकतं, मग मूत्रपिंड आणखी लिथियम धरून ठेवतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की आपोआप थांबत नाही.

आणि जागा तरी किती? रक्तात साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ही नेहमीच्या उपचाराची पातळी. दीडच्या वर विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात, दोनच्या वर जिवावर बेततं. नेहमीच्या तपासणीत मोजायचं तेही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

लिथियम आणि मीठ यांची एक जुनी गोष्ट आहे. सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचा युद्धकैदी म्हणून तीन वर्षं काढलेला जॉन केड हा ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ मेलबर्नजवळच्या बंदूरा इथल्या रुग्णालयात काम करत होता. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विषारी द्रव्य असेल, अशी त्याची कल्पना. ती चुकीची होती. पण प्रयोगासाठी यूरिक आम्ल विरघळवायचं म्हणून त्यानं त्याचा लिथियमचा क्षार घेतला आणि ज्या गिनीपिगांना तो टोचला ते शांत पडून राहिले. १९४९ साली त्यानं उन्मादाच्या दहा रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. आणि त्याच १९४९ साली अमेरिकेत लिथियम क्लोराइडवर बंदी आली! तिथं हृदयरोग्यांना मिठाऐवजी ते जेवणावर भुरभुरायला विकलं जात होतं आणि माणसं दगावली होती. हे रुग्ण सोडियम बंद केलेले, आणि पातळी कुणीच मोजत नव्हतं. मूत्रपिंडातल्या त्या पहिल्या वळणाला दुसरं काही करताच आलं नसतं. केडचा पहिला रुग्णही पुढं लिथियमच्या विषबाधेनंच गेला. अमेरिकेत हे औषध म्हणून मान्य व्हायला १९७० उजाडलं.

आता काकांच्या वॉर्डबॉयकडं येतो. डॉक्टर राउंडला येतात, दहा मिनिटं थांबतात. चोवीस तास रुग्णाजवळ असते ती सिस्टर किंवा ब्रदर. कालची थरथर बारीक होती, आज ती जाड झाली. काल भांग सरळ होता, आज शर्टाची बटणं चुकली. आय-ओ चार्टवर पाणी गेलं किती आणि लघवी झाली किती. हे पाहायला नजर तयार व्हावी लागते. आणि वार विचारण्यामागंही शास्त्र आहे. उन्मादात माणूस कितीही बोलत सुटला तरी आज कुठला वार, आपण कुठं आहोत, हे बहुधा बरोबर सांगतो. ते सांगता येईना आणि शुद्ध कधी लख्ख, कधी धूसर अशी हेलकावे खायला लागली, तर आधी शरीर तपासायचं असतं. तो जुना आजार उलटलेला नसतो, मेंदूपर्यंत काहीतरी पोचलेलं असतं. याला मानसिक स्थितीची तपासणी म्हणतात, आणि ती शंभर रुग्णांवर करून, लिहून, ट्यूटरकडून खोडून घेऊन अंगवळणी पडते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं आहे. बी.एस्सी. नर्सिंगला ५५ टक्के, नोंदणी आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. पाच शाखांपैकी मानसिक आरोग्य ही एक. नोकरीतल्या सिस्टरना एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविकाही आहे, मामांच्या सिस्टरनं केलेली. बंगळुरूला १९५४ साली सुरू झालेल्या, आता निम्हान्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत मनोविकार परिचर्येची पदविका १९५०च्या दशकापासून शिकवली जाते. या शिक्षणात प्रोसेस रेकॉर्डिंग नावाचा एक प्रकार असतो. रुग्णाशी अर्धा तास बोलायचं, मग तो काय बोलला, मी काय बोलले, तेव्हा माझ्या मनात काय आलं, हे शब्दशः लिहून काढायचं. हिल्डगार्ड पेप्लाव या अमेरिकन परिचारिकेनं याच काळात मांडलं, की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे. चिडलेल्या माणसासमोर किती अंतरावर, कोणत्या बाजूला उभं राहायचं, आवाज कुठं खाली आणायचा, हे शिकवलं जातं, म्हणून बांधून ठेवण्याची वेळ कमी येते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळदंडाला पूर्ण मनाई केली आहे आणि भूल दिल्याशिवाय शॉक देणंही बंद केलं आहे.

पण याच कायद्यानं मानसिक आरोग्य परिचारिकेची जी व्याख्या केली, तिच्यात साधी जनरल नर्सिंगची पदविकाही चालते. मला हे मुळीच पटत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार मनोरुग्णालयांपुरता हा प्रश्न नाही. मामांसारखे रुग्ण घरी राहतात, लग्नाला जातात आणि आजारी पडले की साध्या कॅज्युअल्टीत येतात. तिथं अशी एक तरी सिस्टर हवी. त्यातच एम.एस्सी. झालेल्या कितीतरी मुली वॉर्डात न राहता कॉलेजात शिकवायला जातात, कारण पगार आणि बढती तिकडंच आहे. वॉर्डातल्या खास प्रशिक्षणाला वॉर्डातच पद आणि पैसा मिळायला हवा.

त्या लग्नघरी एकानं मामांची थरथर अमावस्येशी जोडली होती आणि देवऋषीकडं न्यायचं म्हणत होता. तिथं त्यांना धुरात बसवून निर्जळी ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते आता वाचणाऱ्याला सांगायला नको. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं-मारणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सवर 'माइंड कोच' होऊन लोकांना गोळ्या सोडायला सांगणारे मला देवऋषीइतकेच धोक्याचे वाटतात. लिथियम घेणाऱ्यानं गोळी मनानं सोडायची नाही, मीठ एकाएकी कमी-जास्त करायचं नाही, निर्जळी उपास करायचा नाही, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही आणि उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

हिरव्या बल्बचं सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी मी ही सगळी हकिगत सांगितली तेव्हा काकांनीच विचारलं, "टोपणाच्या रंगानं काय फरक पडतो?" मी रसायनशास्त्राचा माणूस असून मला उत्तर येत नव्हतं. भाची म्हणाली, "हिरव्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन असतं ना काका, ते बहुतेक वेळा लिथियम हेपारिन असतं. बल्बमधलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा खोटाच वाढून येतो." आणि प्रसादाच्या वाट्या भरायला ती आत गेली.