दोन ‘ल’ आणि एक नाव

‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’. मराठी कान या जोड्यांत कधी फसत नाही. जीभ जराशी मागे वळली की अर्थ पार बदलतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच अरबीतल्या ‘अल्लाह’ या शब्दाची सगळ्यात नवलाची गोष्ट मराठी वाचकाला चटकन उमजेल असं मला वाटतं. अरबीतही दोन ‘ल’ आहेत, आणि त्यातला एक जवळपास या एकाच शब्दासाठी राखून ठेवल्यासारखा आहे.

साधा ‘ल’ उच्चारताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं आणि बाकीची जीभ सैल असते. अरबीच्या जाड ‘ल’मध्येही टोक तिथंच टेकतं, पण जिभेचा मागचा भाग घशाकडे ओढला जातो. त्यामुळे तोंडातली पोकळी बदलते, आवाज खोल आणि भरदार होतो, आणि पुढचा ‘आ’सुद्धा ‘ऑ’कडे झुकतो. आपला ‘ळ’ याहून वेगळा आहे, कारण त्यात टोकच वळून टाळूकडे जातं. पण कानाला करावी लागणारी पारख तीच.

ही पारख किती नेमकी असते ते ‘वल्लाहु’ या उच्चारात दिसतं. जाड ‘ल’ने म्हटलं तर अर्थ होतो ‘आणि अल्लाह’. साध्या ‘ल’ने म्हटलं तर ‘त्याने त्याला नेमलं’. बाकी सगळे स्वर-व्यंजन तेच. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली या जाड ‘ल’वर स्वतंत्र निबंधच लिहिला होता. बहुतेक सगळा पसारा एका शब्दापुरता असलेल्या ध्वनीला भाषेचा वेगळा ध्वनी मानायचं का, हा त्यातला प्रश्न खरोखर अवघड आहे.

यातही एक बारकावा आहे. आधी ‘इ’ आला की हा ‘ल’ पातळ होतो. ‘अब्दुल्लाह’मध्ये तो जाड आणि ‘बिस्मिल्लाह’मध्ये पातळ. कुराणपठण शिकणाऱ्या मुलांकडून हा फरक घोटून घेतला जातो. कधी पठण कानावर पडलं तर लक्ष देऊन ऐका. एकदा कळल्यावर तो ऐकू येतोच.

आता शब्दाच्या बांधणीकडे. अरबीत ‘इलाह’ म्हणजे देव, कुठलाही देव. त्याचं अनेकवचन ‘आलिहा’. त्याला ‘तो विशिष्ट’ असं सुचवणारं ‘अल्’ जोडलं की ‘अल्-इलाह’, आणि बोलताना झिजून ‘अल्लाह’. रोजच्या हाकेत ‘भाऊसाहेब’चा ‘भाऊसाब’ होतो तसंच. जो शब्द तोंडात जास्त, तो जास्त झिजतो. आठव्या शतकातला थोर व्याकरणकार सीबवैह याने जवळपास अशीच फोड दिली आहे. हा शब्द कशापासूनच बनलेला नाही, ते मुळातच विशेषनाम आहे, असं मानणारे पंडितही होते. मला झिजेची बाजू पटते. पण हाक मारताना या शब्दाचं वागणं वेगळं आहे हे खरं. ‘अल्’ असलेल्या नामाला अरबीत थेट ‘या’ (म्हणजे आपलं ‘हे’, ‘अरे’) लावून हाक मारता येत नाही, ‘या अल्लाह’ मात्र चालतं.

दोन्ही शब्द शेजारी पाहायचे तर इस्लामचा कलमा पाहावा: ‘ला इलाह इल्लल्लाह’. अल्लाहखेरीज कुणी ‘इलाह’ नाही. सामान्यनाम आणि विशेषनाम एकाच वाक्यात समोरासमोर आहेत, आणि वाक्याचा सगळा भार त्या फरकावर आहे.

शब्द इस्लामच्या आधीचा आहे. पैगंबरांच्या वडिलांचंच नाव अब्दुल्लाह, म्हणजे अल्लाहचा दास. आपल्या रामदास, देवदाससारखी घडण. (म्हणूनच नुसती ‘अब्दुल’ ही हाक अर्ध्यात तुटते, पुढे कुणाचं तरी नाव यायला हवं.) सीरियात अलेप्पोजवळच्या झबद गावी एका चर्चच्या दारावरच्या शिळेवर ग्रीक, सिरियाक आणि अरबी मजकूर आहे. सन ५१२चा. त्यातल्या अरबी ओळीत देवासाठी ‘अल्-इलाह’ आलं आहे, न झिजलेलं.

या शब्दाचे सगेसोयरे दूरवर पसरले आहेत. अक्कादी भाषेत ‘इलू’, हिब्रूत ‘एल’ आणि ‘एलोहीम’, अरामीत ‘एलाहा’. इस्माईल म्हणजे ‘देव ऐकतो’, दानिएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’. त्यातला ‘ईल’, ‘एल’ हाच.

संस्कृत व्याकरणात ‘अल्ला’ म्हणजे आई, आणि त्यावरून नातं जोडणारे संदेश फिरत असतात. शब्द खरा आहे, ‘अंबा’ आणि ‘अक्का’ यांच्या पंगतीला बसणारा. नातं मात्र नाही. दोन भाषांचं नातं एका शब्दाच्या सारखेपणाने सिद्ध होत नाही. त्यासाठी शेकडो शब्दांत तेच ध्वनिबदल नियमाने दिसावे लागतात. ‘इलाह’ आणि ‘एल’ त्या कसोटीला उतरतात, ‘अल्ला’ म्हणजे आई उतरत नाही.

अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही देवाला अल्लाहच म्हणतात. त्यांच्या बायबलचं पहिलंच वाक्य सांगतं की आरंभी अल्लाहने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. दहाव्या शतकात सादिया गाओन या ज्यू विद्वानाने तोराह हा ज्यूंचा धर्मग्रंथ अरबीत आणला, तिथंही हाच शब्द आहे. माल्टातले कॅथलिक प्रार्थनेत ‘अल्ला’ म्हणतात, कारण त्यांची भाषा अरबीतूनच उगवली. मलेशियात मात्र यावरून कोर्टकज्जे झाले. २०१३ साली तिथल्या अपील न्यायालयाने एका कॅथलिक साप्ताहिकाला हा शब्द वापरायला मनाई केली, आणि २०२१ साली उच्च न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात ख्रिस्ती प्रकाशनांत हा शब्द वापरण्यावरची बंदी बेकायदा ठरवली. शब्दाचा इतिहास माहीत असला की त्या वादाचं वाईट वाटतं.

मराठीत हा शब्द आला तो शेवटचा ‘ह’ गाळूनच. तुकोबांच्या गाथेत हिंदुस्तानी वळणाची काही पदं आहेत. ‘अल्ला करे सो हि होय’, असं तिथं सापडतं. जाड ‘ल’ लिहायची सोय देवनागरीत नव्हती, आणि आपला ‘ळ’ तिथं लावावा असं कुणाला कधी वाटलं नाही.