सक्युलंट रोपांची निगा : ग्राहकांसाठी माहिती

आमच्या रोपवाटिकेतून नेलेले सक्युलंटचे रोप दगावते तेव्हा कारण बहुधा पाण्याची कमतरता नसून पाण्याचा अतिरेक हेच असते. दक्षिण आफ्रिका, मेक्सिको येथील कोरड्या मुलखातली ही झाडे पानांत पाणी साठवून ठेवतात आणि बाष्प कमी उडावे म्हणून पानांवरची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे पुण्या-नाशिककडे चालणारी निगा येथे जशीच्या तशी चालत नाही.

अंगणातली तांबडी माती नुसती भरू नये. ती ओली होऊन घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाटाण्याएवढे जांभ्याचे किंवा फुटक्या कौलांचे तुकडे दोन भाग, नदीची जाडसर वाळू एक भाग आणि जुने शेणखत एक भाग, असे मिश्रण घ्यावे. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, परंतु तिच्यातील मिठाने मुळे करपतात. नारळाच्या सोडणाचा भुसा पाणी धरून ठेवतो, म्हणून पावसाळ्यात तो टाळलेलाच बरा. कुंडीला तळाशी भोक हवेच.

मिश्रण तळापर्यंत सुकल्यावरच पाणी द्यावे व ते भोकातून वाहून जाऊ द्यावे. पाऊस सुरू होण्यापूर्वी कुंड्या पडवीत, झड आणि पागोळ्या पोहोचणार नाहीत पण उजेड व वारा मिळेल अशा जागी हलवाव्यात. त्यानंतर पाने सुरकुतेपर्यंत पाणी देऊ नये. सुरकुतलेले पान तहानेचे लक्षण आहे. याउलट पान पिवळट, काचेसारखे झाले आणि बोट लागताच गळले, तर कूज सुरू झालेली असते. अशा वेळी खोडाचा काळा भाग संपून आतला छेद स्वच्छ दिसेपर्यंत धारदार सुरीने कापावे, वरचा शेंडा सावलीत काही दिवस सुकवावा आणि जखम कोरडी झाल्यावर कोरड्या मिश्रणात लावावा.

नवख्यांनी हॉवर्थिया, जेड किंवा सॅन्सेव्हिएरिया निवडावे. गुलाबासारखी दिसणारी एकेव्हेरिया सर्वांत आधी उचलली जाते, मात्र तिला थंड रात्री मानवतात आणि येथील दमट उकाड्यात ती लवकर कुजते. आमच्याकडे ती विक्रीस असली तरी पहिले रोप म्हणून आम्ही ती सुचवत नाही.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा, कुंडी इतर रोपांपासून वेगळी ठेवावी आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते पुंजके टिपून काढावेत.