पार्श्वभूमी : शॉर्ट ट्रॅकची नियमावली आणि रोडावत गेलेल्या गाड्या

अमेरिकेतल्या लहान-मोठ्या गावांत उन्हाळा सुरू झाला की दर शनिवारी संध्याकाळी स्टॉक कारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या, शर्यती रंगतात. ट्रॅक अंडाकृती, एका मैलाच्या आतला (म्हणूनच शॉर्ट ट्रॅक), बहुतेक ठिकाणी पाव ते अर्ध्या मैलाचा. गाड्या चालवणारे आठवडाभर प्लंबर, मेकॅनिक, शेतकरी नाहीतर दुकानदार. भारताचा या खेळाशी संबंध नावापुरताच. २०१० मध्ये नारायण कार्तिकेयन व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर पिकअप ट्रकच्या शर्यतीत उतरला आणि तेरावा आला, तेवढाच. पण हौशी लोकांच्या जिवावर चालणारा खेळ कसा आटत जातो, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

कारण तिथल्या अनेक ट्रॅकवर आज गाड्याच कमी पडतात. एकेका गटात जेमतेम आठ-दहा गाड्या येतात. कुणालाही विचारा, पहिला राग नियमांवर निघतो. नियम फार आहेत, नियम दरवर्षी बदलतात, आणि असलेले नियम कुणी पाळत नाही, या तिन्ही तक्रारी एकाच माणसाच्या तोंडून एका दमात ऐकायला मिळतात. गंमत म्हणजे तिन्हींत तथ्य आहे.

नियमांचं भांडण या खेळाच्या जन्मापासूनचं आहे. डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्स यांनी डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात शर्यती भरवणाऱ्यांची बैठक घेतली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅस्कार ही संस्था रीतसर स्थापन झाली. तोवर ज्या त्या गावचा आयोजक स्वतःच्या मर्जीने नियम लावत असे, आणि काही महाभाग तर तिकिटांचा गल्ला घेऊन बक्षीस न वाटताच पसार होत. सगळीकडे सारखे नियम आणि बक्षिसाची हमी, ही त्या बैठकीमागची मुख्य गरज होती.

पुढच्याच वर्षी, १९ जून १९४९ रोजी, शार्लटच्या पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ गटाची पहिली शर्यत झाली. अट एकच : शोरूममधून निघालेली गाडी जशीच्या तशी पळवायची. ग्लेन डनअवे १९४७ च्या फोर्डमधून पहिला आला. शर्यतीनंतर तपासणी झाली, तर गाडीचे मागचे पाटे ताठ केलेले आढळले. ही चोरट्या दारूची ने-आण करणाऱ्यांची युक्ती. डिकीत माल ठासून भरला तरी गाडी मागून बसत नाही, आणि वळणावर डोलतही नाही. डनअवे बाद झाला. २,००० डॉलरचं पहिलं बक्षीस गेलं जिम रोपरला. हा गडी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत शर्यतीचा उल्लेख वाचून कॅन्ससहून थेट आलेला. डनअवेच्या गाडीचे मालक ह्युबर्ट वेस्टमोरलँड कोर्टात गेले, आणि हरले. नियम ठरवायचा आणि लावायचा अधिकार आयोजकाचा, हे तिथे कायमचं ठरून गेलं.

‘जशीच्या तशी’ ही अट मात्र फार टिकली नाही, टिकणं शक्यही नव्हतं. शोरूमची चाकं शर्यतीत फुटत, दरवाजे उघडत. सुरक्षेसाठी आधी चाकांना मजबुती देण्याची मुभा आली, मग चालकाभोवती पाइपांचा पिंजरा आला, आणि एकदा दार उघडल्यावर त्यातून बाकीचंही आत शिरलं. आज ज्याला लेट मॉडेल म्हणतात त्या गाडीची चासी पाइपांची आणि खास बनवून घेतलेली असते. वरचं कवच तेवढं ओळखीच्या मोटारीसारखं दिसतं.

गावातल्या ट्रॅकना पहिला मोठा धक्का नियमांनी दिला नाही, पैशाने दिला. विन्स्टन सिगारेटची कंपनी १९७१ मध्ये नॅस्कारची प्रायोजक झाली आणि १९७२ मध्ये वरच्या मालिकेच्या शर्यती ४८ वरून ३१ वर आल्या. कमी अंतराच्या शर्यती वगळल्या, म्हणजे नेमके लहान ट्रॅक गेले. तोवर रिचर्ड पेटीसारखा नामवंत चालक एखाद्या आडगावच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर येऊन जायचा. ते बंद झालं.

खालच्या पातळीवर असाच बदल १९८२ मध्ये झाला. त्याआधी लेट मॉडेल स्पोर्ट्समन या नॅस्कारच्या खालच्या गटाचा राष्ट्रीय विजेता ठरायचा तो ठिकठिकाणच्या ट्रॅकवर वर्षभर जमवलेल्या गुणांवर. १९८२ पासून तो गट फिरती मालिका झाला. गावच्या ट्रॅकसाठी त्याच वर्षी वेगळी साप्ताहिक मालिका निघाली, आणि पुढे आग्नेय राज्यांत लेट मॉडेल स्टॉक कार नावाचा स्वस्त गट रुजला. त्यात इंजिनाला दोन बॅरलचाच कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-इंधन आत जायला दोनच नळ्या, ताकद आपोआप कमी. अर्थात तोही फार दिवस स्वस्त राहिला नाही.

इथून पुढचा इतिहास म्हणजे खर्चाला वेसण घालण्याचे एकामागून एक प्रयत्न. त्यातला सगळ्यात हुशार प्रयत्न आयोवा राज्यात झाला. व्हिंटनचे कीथ नॅक शर्यतींचं साप्ताहिक काढत. १९७९ मध्ये त्यांनी आयएमसीए (इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशन) या संस्थेचा ‘आयएमसीए मॉडिफाइड’ हा गट सुरू केला. त्यातला ‘क्लेम’चा नियम असा : शर्यत संपल्यावर हरलेला स्पर्धक जिंकणाऱ्याचं इंजिन ठरवून दिलेल्या, काहीशे डॉलरच्या किमतीला मागू शकतो, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. मग दहा हजारांचं इंजिन बसवायची कुणाची छाती होणार? तपासनीस नाही, मोजमाप नाही, शेजाऱ्याचा डोळा हीच तपासणी. दुसरी गोष्ट, या गटाचे नियम सगळीकडे एकच. एका राज्यातली गाडी काहीही न बदलता दुसऱ्या राज्यात पळते. दर सप्टेंबरला आयोवातल्याच बून इथे या संस्थेच्या सगळ्या गटांच्या मिळून शेकडो गाड्या जमतात, त्याचं मूळ या दोन गोष्टींत आहे असं मला वाटतं.

दुसरा प्रयत्न जनरल मोटर्सच्या ‘क्रेट’ इंजिनांचा. या शतकाच्या सुरुवातीला ६०२ आणि ६०४ या नावांनी ओळखली जाणारी तयार इंजिनं ट्रॅकवर आली. एक साधारण ३५० हॉर्सपॉवरचं, दुसरं ४०० चं. कारखान्यातून खोक्यात येतात, आणि उघडून आत कारागिरी करू नये म्हणून त्यांच्या नटबोल्टांना सील असतं. कल्पना सोपी होती. सगळ्यांकडे एकच इंजिन, म्हणजे इंजिन बनवणाऱ्या कारागिराच्या हाती जाणारा पैसा वाचणार.

झालं वेगळंच. एक तर नकली सीलचे बोल्ट बाजारात आले, मग वेगळ्या सीलची पद्धत आणावी लागली. दुसरं, ज्याच्याकडे पैसा होता त्याने तो खिशात ठेवला नाही. इंजिनातून सुटलेला पैसा शॉकअपमध्ये गेला. गाडीचं नाक वळणात जमिनीलगत दाबून ठेवण्यासाठी स्प्रिंग आणि बंपस्टॉपचे (गाडी किती खाली दबेल ते अडवणाऱ्या अडसरांचे) प्रयोग सुरू झाले, ते जुळवायला गाडी खाली खेचून मोजणारी यंत्रं गॅरेजांत आली. आणि तिसरं, ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याचं जुनं, घरी बांधलेलं इंजिन एका रात्रीत कुचकामी ठरलं. स्वस्ताईचा नियम पाळायचा तर आधी नवं इंजिन विकत घ्या! खर्च कमी करण्यासाठी केलेला नियमबदल हाच कित्येकदा खर्चाचा नवा मोठा हप्ता ठरतो, आणि बदल जितक्या वेळा होतो तितक्या वेळा तळातली चार-दोन माणसं गाडी विकून घरी बसतात. वरची माणसं प्रत्येक बदल पचवतात.

टायरचंही तेच. मऊ टायर जास्त पकडतो, म्हणून टायर रसायनात मुरवायचे. ते रोखायला नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. त्याचा खर्च पुन्हा प्रवेश-शुल्कात.

नियम किती बारीक होत गेले ते २०१३ च्या स्नोबॉल डर्बीत दिसलं. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाची ही शर्यत १९६८ पासूनची, शॉर्ट ट्रॅकवाल्यांची पंढरीच. चेस एलियट पहिला आला आणि तपासणीत बाद झाला, कारण गाडीत टंगस्टनचा तुकडा सापडला. वजन भरायला शिसं चालतं, टंगस्टन नाही. ते शिशापेक्षा बरंच घन, म्हणजे तेवढंच वजन लहानशा जागेत, हवं तिथे बसवता येतं. शिवाय महाग, आणि निसटून ट्रॅकवर पडलं तर धोक्याचं. विजेतेपद एरिक जोन्सकडे गेलं. एलियट मोठ्या घरचा, नावाजलेला मुलगा, तरीही तपासणी झाली, याचं तेव्हा अनेकांना बरं वाटलं. गावच्या ट्रॅकवर इतकी कडक तपासणी करायला माणूसच नसतो, हे मात्र विसरून चालणार नाही.

नियमांचा खरा फटका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. तीस मैलांवरच्या दोन ट्रॅकचे नियम जुळत नाहीत. इथे एक टायर, तिथे दुसरा. इथे क्रेट इंजिनाला वजनाची सूट, तिथे नाही. त्यामुळे एका ट्रॅकची गाडी दुसऱ्यावर नेता येत नाही. शिवाय कुणी नाराज झाला की त्याच्यासाठी नवा गट काढायचा, ही आयोजकांची जुनी खोड. बैलगाडा शर्यतीत प्रत्येक मालकाच्या बैलजोडीसाठी वेगळा घाट बांधावा, तसं. गट आठ झाले, गाड्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

यात आयोजकाचं गणितही बिघडतं. प्रेक्षकांच्या तिकिटांइतकीच, कधी जास्त, कमाई मागच्या फाटकावर होते. एका गाडीबरोबर चार-पाच जण पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करायच्या आवारात, जातात आणि प्रत्येकाला पास घ्यावा लागतो. वीस गाड्या कमी म्हणजे शंभरेक पास कमी. मग बक्षीस कापलं जातं, आणि पुढच्या शनिवारी आणखी दोघं येत नाहीत.

तरीही सगळं खापर नियमांवर फोडणं मला पटत नाही. तळातल्या स्ट्रीट स्टॉक गटाचा कच्चा माल होता भंगारातल्या व्ही-आठ इंजिनाच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या अमेरिकन मोटारी. जनरल मोटर्सची माँटे कार्लोसारखी गाडी १९८८ च्या मॉडेलनंतर त्या रूपात निघाली नाही. पुढे रस्त्यावर आल्या त्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, वेगळी चासी नसलेल्या मोटारी. भंगारवाल्याकडे मालच उरला नाही, तर सोळा वर्षांच्या पोराने बापाबरोबर गॅरेजात बांधायचं काय? आज ते पोर संगणकावर आयरेसिंग हा शर्यतीचा खेळ खेळतं. विल्यम बायरनसारखा एखादा तिथून निघून वरच्या मालिकेपर्यंत पोचतोही, पण गावच्या ट्रॅकला त्यातून गाडी मिळत नाही.

शिवाय जमीन. इलिनॉयमधला रॉकफर्डचा ट्रॅक १९४८ पासून चालू होता, २०२३ मध्ये बंद झाला. कॅलिफोर्नियातला अर्विनडेल २०२४ च्या डिसेंबरात. मर्टल बीच २०२० मध्ये. शहर ट्रॅकच्या कुंपणापर्यंत आलं की जागेचा भाव शर्यतीच्या कमाईला केव्हाच मागे टाकतो. उलट विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम बघा. फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैलाचा सपाट ट्रॅक, १९४९ पासून नॅस्कारच्या शर्यती, आणि शनिवारी अजूनही बाकडी भरलेली. ते शहराच्या मालकीचं आहे, त्यामुळे बिल्डरच्या हाती सहज जात नाही. नियमांची भांडणं तिथेही होतात, आणि ती बघायलाच अर्धे लोक येतात.

सध्या जोर आहे तो मोठ्या, मोजक्या शर्यतींवर. कॅरोलायना-व्हर्जिनिया भागातली कार्स टूर ही लेट मॉडेलची फिरती मालिका २०२३ मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनिअर, केविन हार्विक, जेफ बर्टन आणि जस्टिन मार्क्स या नॅस्कारमधल्या चौघांनी मिळून विकत घेतली. नियम एक, बक्षीस घसघशीत, प्रक्षेपण ऑनलाइन, त्यामुळे गाड्या भरपूर. पण चांगली गाडी असलेला माणूस त्या शर्यतींसाठी ती राखून ठेवतो आणि शनिवारी गावच्या ट्रॅकवर येत नाही, अशी आयोजकांची कुरकुर असते. त्यांच्यातल्या काहींनी आता स्वस्त प्रवेशासाठी फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरियाचा गट काढलाय. पोलीस आणि टॅक्सीवाल्यांनी लिलावात काढलेल्या या मोटारी दणकट, व्ही-आठ, मागच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि नियम जेमतेम पानभर. ही मोटार बनणं २०११ मध्येच बंद झालं, त्यामुळे दरवर्षी लिलावात त्या कमी येतात आणि महागही होत चालल्यात.