डबा एसटीने, मग विद्यार्थीही एसटीने

तालुक्याच्या स्टँडवर सकाळी साडेसातला उतरणाऱ्या गर्दीत निम्म्याहून जास्त पोरं कॉलेजची असतात. ही गर्दी मात्र एसटीइतकी जुनी नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली (निळी-चंदेरी होती ती, लाल रंग नंतरचा). तेव्हा खेड्यातून रोज जाऊन-येऊन पदवी घेता येईल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं, कारण जवळपास कॉलेजच नव्हतं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, नागपूरचं १९२३ चं, पुण्याचं थेट १९४९ चं. मराठवाड्यातल्या मुलाला हैदराबादचं उस्मानिया गाठावं लागे. शिकायचं म्हणजे घर सोडायचं. मग कुणी बोर्डिंगात राही, कुणी नातलगाच्या ओसरीवर, कुणी वार लावून, म्हणजे रोज ठरलेल्या वेगळ्या घरी, जेवी.

एसटीने पहिली सोय केली ती विद्यार्थ्याची नव्हे, त्याच्या डब्याची. कडीचा डबा फडक्यात गच्च बांधलेला, झाकणावर तेलरंगाने नाव. गावच्या थांब्यावर तो वाहकाच्या हाती दिला की ड्रायव्हरच्या मागे बाकीच्या डब्यांच्या रांगेत बसायचा. आत भाकरी, सुकी भाजी, चटणी. कालवण खड्ड्यांत सांडायचं म्हणून कुणी देत नसे. स्टँडवर पोरं आधीच उभी असत. भरला डबा घ्यायचा, कालचा रिकामा त्याच गाडीने परत धाडायचा. गाडी रद्द झाली की पोरगं उपाशी.

पुढे कॉलेजंच गावांकडे सरकली. कराडला १९५४ मध्ये सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघालं. १९५८ मध्ये मराठवाडा आणि १९६२ मध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ झालं, आणि त्यानंतर शिक्षणसंस्थांनी तालुक्याच्या गावांत कॉलेजं काढायचा सपाटा लावला. अंतर वीस-तीस किलोमीटरवर आलं. डब्याच्या जागी विद्यार्थीच गाडीत चढला आणि डबा दप्तरात गेला.

हे जमलं ते मुक्कामी गाडीमुळे. संध्याकाळी आगारातून सुटलेली गाडी आडवळणाच्या शेवटच्या गावात रात्री थांबते आणि पहाटे सहाला तिथूनच निघते. आगारातून सकाळी रिकामी गाडी पाठवायचं डिझेल वाचतं आणि पोरं पहिल्या तासाला पोचतात. चालक-वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत, देवळात, नाहीतर गाडीतच झोपतात. धड खोली नाही, संडास नाही, म्हणून कर्मचारी मुक्कामाला नाखूश असतात. त्यात भारमान (गाडीतल्या किती जागा भरल्या त्याचं प्रमाण) कमी भरलं की हीच फेरी आधी कापली जाते. मुक्काम बंद झाला की सकाळची गाडी आगारातून निघून गावात आठला येते आणि तालुक्याला साडेनऊला टेकते. कला शाखेचं निभावतं. विज्ञानवाल्याचं सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं आणि सत्राच्या शेवटी ७५ टक्के हजेरीचा प्रश्न येतो. विद्यार्थ्यांच्या रास्ता रोकोत ‘गाडी वेळेवर सोडा’ ही मागणी सवलतीपेक्षा जास्त वेळा दिसते, त्याचं कारण हेच.

सवलत तशी चांगली आहे. विद्यार्थ्याला मासिक पासात ६६.६६ टक्के सूट, म्हणजे भरायचा एक तृतीयांश. तीस दिवसांच्या साठ फेऱ्या धरल्या तर वीस फेऱ्यांचं भाडं. दहा दिवस जाऊन-येऊन झालं की पास वसूल. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत. मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्याही आल्या, पण त्याही आठवी ते बारावीच्या मुलींसाठी. कॉलेज लांबचं होतं बारावीनंतर, आणि नेमका तिथेच मोफत पास संपतो. योजनेतली ही फट जुनी आहे.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आणि हिशेब बदलला. पदवीच्या मुलीला पासाचे वीस पूर्ण भाड्यांचे पैसे म्हणजे चाळीस अर्धी तिकिटं, म्हणजे वीस दिवसांचं जाणं-येणं. दिवाळीच्या किंवा परीक्षेच्या महिन्यात कॉलेज त्याहून कमी दिवस भरतं. तेव्हा तिने पास न काढता रोज अर्धं तिकीट घ्यावं, ते स्वस्त पडतं. मुलांना ही सोय नाही, त्यांनी पासच काढावा. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पास भाड्यावरच बेतलेला असल्याने त्याचीही रक्कम चढली.

पास काढायला कॉलेजच्या सही-शिक्क्याचा अर्ज, फोटो आणि आधार लागतं. अर्जावरचं गाव आणि आधारवरचं गाव जुळलं नाही की खिडकीवरून परत यावं लागतं. जूनमध्ये या खिडकीवर अर्धा दिवस मोडायचा. २०२४ च्या जूनपासून एसटी महामंडळाने शाळा-कॉलेजकडून यादी मागवून तिथेच पास द्यायला सुरुवात केली. म्हणून आता आधी कॉलेजच्या ऑफिसात यादीत आपलं नाव आहे का ते बघावं.

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या संपात हे सगळंच थांबलं होतं. पोरांनी वडाप, म्हणजे खाजगी जीप, धरलं, काहींनी तालुक्यालाच खोली घेतली, आणि गाड्या सुरू झाल्यावर त्यातली सगळी परत आली नाहीत. ताफाही आटला: कोविडआधी अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर पंधरा हजारांच्या आसपास आल्या. गाड्या कमी पडल्या की लांब पल्ल्याची फेरी टिकते आणि खेड्याची जाते. लांब पल्ल्याची गाडी गावाच्या फाट्यावर थांबत नाही. त्यामुळे खिशात पास असूनही पोरगं हात दाखवत उभं राहतं. परतीला तर आणखी अवघड: प्रॅक्टिकल पाचला सुटतं, आणि गावाकडची शेवटची गाडी बहुतेक ठिकाणी तीच, जी रात्री मुक्कामाला जाते.