फरारी आरोपींना जाहीर करणं (बेळगाव सीमाभाग)

फरारी आरोपींना जाहीर करणं : वॉरंट निघूनही हाती लागत नसलेल्या आरोपीचं नाव, फोटो, वर्णन लोकांपुढे ठेवून माहिती मागायची पोलिसांची आणि कोर्टाची पद्धत. सगळे फरारी जाहीर होत नाहीत, फार थोडे होतात, आणि ते थोडे कोण हे कसं ठरतं हाच या नोंदीचा विषय. सीमाभाग म्हणजे इथे मुख्यतः बेळगाव जिल्हा, त्यातही निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कागवाड, रायबाग आणि खानापूर हे तालुके, जिथे पलीकडे कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोवा लागतो. (सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी, बोलण्यात बेळगावच.)

तीन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात, कारण बातम्यांत त्या सर्रास एकत्र येतात. एक म्हणजे कोर्टाचा जाहीरनामा, दुसरी पोलिसांनी स्वतःहून काढलेली 'पाहिजे' नोटीस, तिसरी बक्षिसाची घोषणा. पहिलीला कायद्याचा पूर्ण आधार आहे, बाकीच्या दोन बऱ्याच अंशी खात्याच्या आदेशांवर आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालतात. रावडी शीट ही चौथीच गोष्ट, ती गुंडगिरी करणाऱ्यांवर नजर ठेवायची पोलीस स्टेशनची आतली नोंद आहे आणि रावडी शीटवाला माणूस फरार असतोच असं काही नाही.

उगमाबद्दल एकमत नाही. एक मत असं की हे पेशवाईतल्या दवंडीचंच पुढचं रूप, गावात ढोल वाजवून अमका सरकारचा गुन्हेगार आहे त्याला थारा देऊ नये असं सांगायचे तेच पुढे कागदावर आलं. दुसरं मत याचं मूळ इंग्लंडात शोधतं, लंडनमध्ये 1770 च्या दशकात जॉन फील्डिंगने फरारींची वर्णनं छापून देशभर पाठवायला सुरुवात केली होती आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तीच रीत इकडे आणली असं म्हणतात. मुंबई इलाख्यातलं ठळक उदाहरण म्हणजे उमाजी नाईक, त्याच्यावर कंपनी सरकारने 1820 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जाहीरनामे काढले, बक्षिसाची रक्कम वाढत गेली, शेवटी तो पकडला गेला आणि 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फाशी गेला. सीमाभागातलं नाव अर्थात संगोळ्ळी रायण्णा, कंपनीविरुद्ध लढलेला, कित्तूरचा, 1831 च्या जानेवारीत खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलेला. त्याला पकडून देणाऱ्यांना इनाम मिळालं असं लोकगीतं-कथा सांगतात. पण पकडल्यावर दिलेलं इनाम आणि आधी छापून जाहीर केलेलं बक्षीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे रायण्णाला या पद्धतीचं पहिलं स्थानिक उदाहरण म्हणताना जपून म्हणावं. वासुदेव बळवंत फडक्यांचं प्रकरण जास्त स्वच्छ आहे. 1879 मध्ये सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं, त्यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर बक्षीस लावून आपला जाहीरनामा काढला, आणि ते पकडले गेले ते तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, देवर नावडगीला, जुलै 1879 मध्ये, तारीख कुणी 20 देतं कुणी 21. कलादगी जिल्हा म्हणजे साधारण आजचा विजयपूर-बागलकोट. पुण्याकडचा माणूस कानडी मुलखात लपतो, जाहीरनामा मागून येतो, हा नकाशा तेव्हापासूनचा आहे.

कागदाचा मजकूर आणि साचा इंग्रजी, लोकांपर्यंत पोचवायची रीत इथली, हे मधलं मत जास्त पटण्यासारखं वाटतं. कारण फौजदारी प्रक्रिया संहिता 1861 मध्ये आली, 1898 च्या संहितेत कलम 87 ला जाहीरनामा, 88 ला जप्ती, आणि त्या 87 मध्येच 'गावात ठळक जागी मोठ्याने वाचून दाखवावा' ही अट आहे, म्हणजे दवंडीच. 1973 च्या संहितेत हे कलम 82 झालं, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 84. मधल्या काळात बेळगाव मुंबई राज्यातून 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलं, राज्याचं नाव 1973 ला कर्नाटक झालं, पण हे कलम दोन्हीकडे एकच राहिलं.

कलमाचं काम असं चालतं. आधी वॉरंट पाहिजे. मग आरोपी पळालाय किंवा वॉरंट बजावता येऊ नये म्हणून लपलाय असं मानायला कोर्टाला कारण पाहिजे. मग ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळी हजर राहा असा जाहीरनामा निघतो, मुदत किमान 30 दिवस. तो राहत्या गावात वाचला जातो, घरावर चिकटवला जातो, कोर्टाच्या इमारतीवर लावला जातो, आणि कोर्टाला वाटलं तर त्या भागात खपणाऱ्या रोजच्या पेपरात छापला जातो. पहिल्या तीन गोष्टी सक्तीच्या, पेपर ऐच्छिक. म्हणजे लोकांना ज्याला खरी 'जाहिरात' वाटते तीच नेमकी कोर्टाच्या मर्जीवर आहे. मुदतीत हजर झाला नाही आणि गुन्हा मोठा असेल तर चौकशी करून त्याला 'घोषित अपराधी' ठरवता येतं. जुन्या संहितेत त्यासाठी खून, दरोडा अशी कलमांची ठरलेली यादी होती, नव्या संहितेत 10 वर्षं किंवा जास्त शिक्षा, जन्मठेप किंवा फाशी असलेला कुठलाही गुन्हा चालतो, त्यामुळे यादीत बसणाऱ्यांची संख्या कागदावर तरी खूप वाढली. घोषित अपराध्याला साधा नागरिकही पकडून पोलिसांकडे देऊ शकतो, आणि नव्या कलम 356 प्रमाणे त्याच्या गैरहजेरीत खटलाही चालवता येतो.

पण यातल्या कुणाचा फोटो पोलिसांनी चौकात लावायचा, याचा निकष कायद्यात नाही. तुलनेला अमेरिकेतली एफबीआयची दहा जणांची यादी घेतात. ती 14 मार्च 1950 ला सुरू झाली, आदल्या वर्षी एका वृत्तसंस्थेने सर्वांत धोकादायक फरारींची नावं मागितली आणि त्या बातमीला प्रचंड प्रतिसाद मिळाला हे तिचं मूळ. तिथे दोन कसोट्या लावतात, माणूस मोठा गुन्हेगार किंवा समाजाला धोकादायक असला पाहिजे, आणि देशभर प्रसिद्धी दिल्याने तो सापडायला मदत होईल असं वाटलं पाहिजे. दुसरी कसोटी जास्त महत्त्वाची आहे. गुन्हा कितीही मोठा असो, चेहरा दाखवून काही नवीन कळणार नसेल तर जागा वाया. इंटरपोलच्या रेड नोटिसांचंही (फरारीला शोधायला इतर देशांच्या पोलिसांना केलेली विनंती) तसंच, बहुतेक रेड नोटिसा फक्त पोलिसांपुरत्या असतात, लोकांसाठीची त्रोटक प्रत मागणी करणाऱ्या देशाने सांगितलं तरच निघते. भारतातून हे काम सीबीआयमार्फत जातं. एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) मात्र आपली यादी फोटोसह उघड ठेवते, आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या 2022 च्या एका खुनात तिने गावात पोस्टर लावून बक्षिसं जाहीर केली होती.

जिल्हा पातळीवर निवड उलट्या बाजूने होते, म्हणजे कुणाला जाहीर करायचं नाही हे आधी ठरतं. 18 वर्षांखालचा असेल तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 आडवं येतं. लैंगिक गुन्ह्यात आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नाव-गाव छापलं की पीडितेची ओळख उघड होते, दोनशे उंबऱ्यांच्या गावात वेगळं सांगावं लागत नाही, आणि ती ओळख उघड करणं हा स्वतःच गुन्हा आहे. साक्षीदारांनी आरोपीला फक्त गुन्ह्याच्या वेळी पाहिलं असेल आणि पुढे ओळख परेड घ्यायची असेल तर फोटो छापणं म्हणजे परेड घालवणं, बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो की पेपरात बघून ओळखलं का. शिवाय खबरी लागलेला असेल, माणूस पुण्याला की मडगावला हे साधारण कळलेलं असेल, तर पोस्टर लावून त्याला सावध कोण करेल? लुकआउट सर्क्युलर, म्हणजे माणूस देशाबाहेर जाताना अडवायची सूचना, याच कारणाने गुप्त असतं, ते विमानतळ आणि बंदरांवरच्या इमिग्रेशनला जातं, लोकांना नाही.

उरतात ते असे की ज्यांचा माग पूर्ण तुटलाय. कधी नावसुद्धा नसतं, मग स्केच. गौरी लंकेश यांच्या खुनात (5 सप्टेंबर 2017, बंगळूर) एसआयटीने (विशेष तपास पथक) ऑक्टोबरमध्ये संशयितांची स्केचेस लोकांपुढे ठेवली होती. त्याआधी 2015 मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि धारवाडात एम. एम. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, दोन खून, दोन राज्यं, आणि मधल्या हायवेवर बेळगाव. माहिती मागायची तर ती दोन्ही राज्यांत मागावी लागते, हे या प्रकरणांइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

वेळेचाही संबंध आहे. निवडणूक आली की आयोगाच्या सूचनेने थकलेली अजामीनपात्र वॉरंटं बाहेर काढली जातात, फरारींच्या याद्या होतात, कोगनोळीसारख्या नाक्यांवर तपासणी वाढते. अशा वेळी जुनी नावं परत वर येतात.

सीमाभागाची खरी अडचण अंतराची आणि भाषेची. निपाणीचा माणूस कागलला गेला की राज्य बदललं, बेळगावहून महाराष्ट्रातलं शिनोळी तर शेजारीच, खानापूरची पोरं कामाला गोव्यात असतात, अथणी-रायबागच्या उसाच्या फडात हंगामात बाहेरून टोळ्या येतात. वॉरंट देशभर चालतं हे खरं, आणि जिल्ह्याबाहेर पकडलेल्याला तिथल्याच मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचा नियमही वॉरंट काढणारं कोर्ट 30 किलोमीटरच्या आत असेल तर लागू होत नाही, म्हणजे कागल-निपाणीसारख्या ठिकाणी कायदा सीमेला फारसा अडखळत नाही. अडखळते ती माहिती. महाराष्ट्रात गावोगाव पोलीस पाटील आहे, 1967 च्या कायद्याने, कुणी अनोळखी येऊन राहिला की त्याने कळवायचं. कर्नाटकात वंशपरंपरागत गावकामगार पदं 1961 च्या कायद्याने गेली, आता जे काही ते बीटच्या पोलिसावर. म्हणून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या गावात पोचलेला फोटो ओळखला जायची शक्यता जास्त, आणि नेमका तोच फोटो सीमा ओलांडून पलीकडे पोचायला हवा.

भाषेबद्दल कलम 84 काही बोलत नाही, फक्त 'त्या भागात खपणारा' पेपर म्हणतं. बेळगावात 1919 पासूनचा तरुण भारत आहे, कानडी पेपरही भरपूर आहेत, आणि दोन्ही 'खपणारे' आहेत. कानडी पेपरात छापलं तरी अट पूर्ण होते, मग आरोपीची अख्खी गल्ली मराठी वाचत असली तरी. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची जी योजना केंद्राच्या 1956 च्या निवेदनापासून चालत आली तिच्यात जिल्ह्यात किंवा तालुक्यात 15 टक्के किंवा जास्त लोक बोलत असलेल्या भाषेत महत्त्वाच्या नोटिसा काढाव्यात असं आहे, आणि फरारीच्या नोटिशीइतकी लोकांच्या मदतीवर अवलंबून दुसरी कुठली नोटीस असेल? ज्याने चेहरा ओळखायचा त्याला खालचा मजकूर वाचता आलाच पाहिजे. हा सीमावादाचा प्रश्न करू नये, हा माणूस सापडायचा प्रश्न आहे.

व्हॉट्सॲपमुळे फोटो आता मिनिटात दोन्हीकडे जातो हे बरोबर, पण त्याच्यावर स्टेशनचं नाव, गुन्हा नंबर, तारीख नसली तर तो धोकादायक आहे. जुलै 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवर धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जण आणि बीदर जिल्ह्यात मुर्कीला एक जण जमावाने मारला, सगळे निरपराध. लखनौमध्ये आंदोलकांचे फोटो-पत्ते लावलेले बॅनर कायद्याचा आधार नसताना लावले म्हणून काढायला अलाहाबाद हायकोर्टाने 9 मार्च 2020 ला सांगितलं होतं. ते फरारी नव्हते, पण चेहरा चौकात लावायला अधिकार लागतो हा मुद्दा इथेही लागू पडतो.

जाहीरनाम्यानंतर मालमत्ता जप्त होऊ शकते (कलम 85). जप्तीपासून दोन वर्षांत आरोपी हजर झाला आणि आपण वॉरंट चुकवायला लपलो नव्हतो, शिवाय वेळेत हजर राहता येईल इतकी जाहीरनाम्याची माहितीही आपल्याला मिळाली नव्हती, असं त्याने सिद्ध केलं तर मालमत्ता, किंवा विकली असेल तर खर्च वजा जाता रक्कम, परत मिळते (कलम 88). जाहीरनामा फक्त कानडीत निघाला होता आणि घरात कुणालाच कानडी वाचता येत नाही, ही हकीकत सीमाभागातल्या वकिलाला याच कलमाखाली मांडता येते.