खाऱ्या पाण्याच्या टाकीतील माशांचे परजीवी : औषध घालण्यापूर्वी वाचावे

आमच्याकडून खाऱ्या पाण्यातले मासे नेणाऱ्या ग्राहकांकडून एक तक्रार वरचेवर ऐकू येते. माशाच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, बाटलीतले औषध टाकीत घातले, चार-पाच दिवसांत ठिपके गेले आणि पंधरवड्यानंतर ते दुपटीने परत आले. औषध जुने होते का, अशी शंका मग घेतली जाते. खरे सांगायचे तर ते ठिपके औषध घातले नसते तरी गेलेच असते. ते जातात कुठे, एवढे ध्यानात आले की पुढचे सगळे उपचार समजायला सोपे जातात.

ठिपके जातात कुठे?

हा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय जीवामुळे होतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या बाहेरच्या थराखाली बसून पेशी खाणारा परजीवी. तीन ते सात दिवस खाऊन झाले की तो मासा सोडतो, बहुधा रात्रीच्या अंधारात, आणि काही तास तळाशी सरपटून वाळूवर, खडकावर, काचेवर किंवा एखाद्या शंखाच्या पाठीवर चिकटतो. तिथे तो स्वतःभोवती टणक कवच करतो व आत विभागत राहतो. कवच फुटले की त्यातून शेकडो पिल्ले पोहत बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांच्या आत मासा सापडला नाही तर ती मरतात. कवच फुटायला साधारण तीन दिवसांपासून चार आठवडे लागतात, मात्र काही कवचे याहून कितीतरी जास्त काळ, दोन महिन्यांपलीकडेही टिकतात.

औषधाचा मारा लागू पडतो तो फक्त पोहणाऱ्या पिल्लांवर, कारण त्वचेखालचा परजीवी माशाच्या आड असतो आणि तळाचा कवचाच्या आड. म्हणून औषध दोन दिवस घालून थांबवणे म्हणजे न घालण्यासारखेच आहे. दुसरी गोष्ट अशी की सर्व मासे बाहेर काढून मुख्य टाकी रिकामी ठेवली तर तिथला रोग औषधाविना उपाशी मरतो. त्यासाठी आम्ही ७६ दिवसांचा कालावधी सुचवतो. या काळात प्रवाळ, कोळंबी, शंख टाकीतच राहू द्यावेत, दिवे व फिल्टर नेहमीप्रमाणे चालू ठेवावेत. खडकाच्या फटीत राहून गेलेला एकच गोबी मासा दिसला, तर मात्र तो काढून दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. हे ऐकून ग्राहकांचा चेहरा उतरतो, हे आम्ही जाणतो. पण यात सवलत नाही.

आधी रोग ओळखावा

प्रत्येक पांढरा ठिपका हा वरचा रोग नसतो. खोलीतले दिवे मालवून बॅटरीचा झोत माशाच्या कडेने तिरपा टाकावा. मोजता येतील असे वेगवेगळे कण दिसले तर क्रिप्टोकॅरिऑनची शक्यता जास्त. पिठाची बारीक पूड भुरभुरल्यासारखी किंचित सोनेरी झाक दिसली, मासा उजेड टाळून पॉवरहेडच्या (टाकीतले पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहापुढे उभा राहत असेल आणि त्याचे कल्ले भरभर हलत असतील, तर तो वेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम या परजीवीचा रोग समजावा. हा रोग आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंगावर पूड दिसण्याआधीच मासा दगावू शकतो. इथे उद्यापर्यंत वाट पाहू नये.

क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट पांढरा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ब्रुकलिनेला या परजीवीचा संशय घ्यावा. त्यावर तांब्याचे औषध चालत नाही, फॉर्मेलिन लागते, आणि ते हाताळण्यापूर्वी आमच्याशी बोलावे. मासा खडकाला अंग घासतो, डोळे धुरकट झाले आहेत आणि ठिपका एकही नाही, असे असेल तर चपटे कृमी असू शकतात. ते माशावर पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. हवेचा पंप लावून ठेवलेल्या, तापमान व पीएच टाकीइतकेच केलेल्या आरओच्या गोड्या पाण्यात मासा तीन ते पाच मिनिटे ठेवला की ते पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. मासा त्या वेळी आडवा पडला तरी तेवढ्यावरून घाबरू नये, पण टाकीजवळून हलू नये आणि तो फारच तडफडला तर लगेच खाऱ्या पाण्यात परत घ्यावा. या आंघोळीने निदान होते व आराम पडतो, रोग संपत नाही. कृमींवर प्राझिक्वांटेल द्यावे लागते, आणि त्यांची अंडी या औषधाने मरत नसल्यामुळे काही दिवसांच्या अंतराने दुसरी मात्राही द्यावी लागते.

उपचाराची टाकी आणि तांबे

मुख्य टाकीतून काढलेले मासे ठेवायची उपचाराची टाकी साधी असावी : वाळू नाही, खडक नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, हिटर, वर झाकण आणि स्पंज फिल्टर. हा स्पंज काही आठवडे आधीपासून निरोगी टाकीत ठेवून त्यात जिवाणू वसू द्यावेत. आमच्या पाहण्यात उपचाराच्या टाकीत दगावणारे बरेच मासे परजीवीमुळे नव्हे, तर नव्या टाकीत साचलेल्या अमोनियामुळे दगावतात. अमोनिया रोज तपासावा आणि वाढल्यास पाणी बदलावे. अमोनिया निष्प्रभ करणारे द्रव तांब्याबरोबर वापरू नये, कारण त्यामुळे तांबे माशांना अधिक विषारी ठरू शकते.

क्रिप्टोकॅरिऑन व वेल्व्हेटवर दिले जाणारे तांब्याचे औषध दोन प्रकारांत मिळते आणि मोठी चूक इथेच होते. आयनिक, म्हणजे मोकळ्या तांब्याची पातळी दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवावी लागते, तर बांधलेल्या, म्हणजे किलेटेड तांब्याची पातळी दर लिटरला साधारण २ मिलिग्रॅम किंवा थोडी अधिक असते. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर एकीकडे मासे मरतात आणि दुसरीकडे परजीवी सुखाने जगतात. बाटलीवरचे लेबल वाचावे, त्या प्रकाराला चालणारा चाचणी संच घ्यावा, पातळी दोन दिवसांत हळूहळू वर न्यावी आणि तिथून पुढे ३० दिवस ती एकदाही खाली येऊ देऊ नये. पाणी बदलताना नवे पाणी त्याच पातळीच्या तांब्याचे असावे. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवावा, कारण तो औषध शोषून घेतो. शार्क व पाकट यांना तांबे सोसत नाही.

मुख्य टाकीत तांबे कधीही घालू नये. कोळंबी, शंख, प्रवाळ, तारामासे त्याने मरतात, आणि खडक व वाळू ते शोषून घेत असल्याने पातळी स्थिर राहत नाही.

औषधाशिवाय

क्रिप्टोकॅरिऑनवर आणखी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे उपचाराच्या टाकीतील पाण्याचा खारेपणा कमी करणे : त्याचे विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) दोन दिवसांत १.००९ पर्यंत खाली आणून ते चार आठवडे तिथेच ठेवावे. ते मोजण्यासाठी तपासून घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, तरंगत्या हायड्रोमीटरवर विसंबू नये. पुन्हा वर जाताना मात्र आठवडाभर वेळ द्यावा. दुसरा मार्ग म्हणजे दर ७२ तासांनी मासे पूर्णपणे स्वच्छ, कोरड्या केलेल्या व नव्या पाण्याच्या टाकीत हलवणे. अशी चार स्थलांतरे झाली की बाराव्या दिवशी परजीवी मागे राहिलेले असतात. वेल्व्हेटवर हे दोन्ही मार्ग चालत नाहीत.

लसूण, सफाई करणारी कोळंबी आणि यूव्ही दिवा यांनी टाकी रोगमुक्त होत नाही. यूव्हीने पोहणारी पिल्ले काही प्रमाणात कमी होतात, इतकेच. पाणी तापवण्याचा सल्ला गोड्या पाण्यातल्या वेगळ्याच परजीवीसाठीचा आहे. इथे पाणी तापवले तर त्यातला प्राणवायू कमी होतो आणि कल्ले सुजलेल्या माशाचे हाल वाढतात.

मासे परत सोडताना

दोन्ही टाक्यांसाठी जाळी, बादली आणि नळी वेगवेगळी असावी, शक्यतो वेगळ्या रंगाची. ओला हातसुद्धा रोग नेतो. नवा मासा, मग तो आमच्याकडचा का असेना, आधी चार ते सहा आठवडे वेगळा ठेवावा. नवा प्रवाळ किंवा शंख आणला तर त्यावर चिकटलेली कवचे येऊ शकतात, म्हणून तोही मासे नसलेल्या टाकीत ७६ दिवस ठेवून मगच मुख्य टाकीत न्यावा. ७६ दिवस पूर्ण झाल्यावर दोन्ही टाक्यांतील क्षारता व तापमान जुळवून एकेक मासा उचलावा, आणि उपचाराच्या टाकीतले पाणी मुख्य टाकीत ओतू नये.