एअर रायफलवर स्कोप घरी बसवताना

“जवळ बरोबर लागतं, अंतर वाढलं की छर्रा एका बाजूला जातो.” स्कोप (रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण) नेलेल्या ग्राहकांकडून आम्ही हे वारंवार ऐकतो. बहुतेक वेळा स्कोप चांगला असतो, पण कललेला बसलेला असतो. हे पत्रक ४.५ मिमी बोअरच्या, स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी आहे.

स्कोप रायफलीच्या नळीच्या साधारण साडेचार सेंटीमीटर वर असतो. त्यातली क्रॉसहेअर (नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेघा) ३ अंश तिरकी असेल, तर ती डोळ्यांनी सरळ धरताना तुम्ही नकळत रायफल कलती करता. मग नळी स्कोपच्या बरोबर खाली न राहता अडीचेक मिलिमीटर बाजूला सरकते. १० मीटरवर झीरो केलं, म्हणजे छर्रा क्रॉसहेअरच्या मध्यावर लागेल असा स्कोप जुळवला, तर तिथं नेम जुळतो, पण ५० मीटरवर छर्रा जवळजवळ एक सेंटीमीटर बाजूला पडतो. कल जास्त असेल तर फरकही जास्त.

सुरुवात करण्याआधी नळी उघडून आत छर्रा नाही याची खात्री करा. रायफल उशीवर किंवा वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा. बहुतेक एअर रायफलींना वर ११ मिमीची डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची खाच असते. तिच्यावरचं तेल कापडानं पुसून काढा, कारण तेलकट खाचेवर माउंट (स्कोप रायफलीला धरून ठेवणारी पकड) सरकतो. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दोन्ही दिशांनी बसतो: पिस्टन सुटताना मागे, तो थांबताना पुढे. त्यामुळे माउंट हळूहळू मागे जातो. रायफलीवर स्टॉप पिनसाठी (माउंटला मागे सरकू न देणारी खुंटी) भोक असेल तर पिन त्यात उतरवाच. या दुहेरी धक्क्यासाठी न बनवलेला स्कोप वापरू नका. बंदुकीसाठी घेतलेले महागडे स्कोपही यात निकामी होतात.

आता स्कोप माउंटच्या रिंगांमध्ये (स्कोपभोवतीची कडी) सैल ठेवा. नेहमीसारखी रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, उघडा. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. डोळा आणि काच यांत साधारण ८ ते १० सेंटीमीटर अंतर येईल.

आता लेव्हल. रिंगांमधल्या उघड्या खाचेवर छोटी स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून रायफल समतल करा. समोरच्या भिंतीवर ओळंबा टांगा. गवंड्याचा नसेल तर दोरीला नट बांधला तरी चालतो. स्कोपची चित्र मोठं करण्याची पातळी सर्वांत कमी ठेवून उभी क्रॉसहेअर दोरीला समांतर येईपर्यंत स्कोप फिरवा. नॉबच्या (नेम वर-खाली, डावा-उजवा हलवणारी स्कोपवरची फिरकी) टोपीवर लेव्हल ठेवून भागवू नका. ती टोपी क्रॉसहेअरशी काटकोनात असेलच असं नाही, आणि खरी चूक इथंच होते.

रिंगांचे स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीनं आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहायला हवी. एकच बाजू आधी आवळली की स्कोप फिरतो, म्हणून मधेमधे दोरीकडे बघत राहा. टॉर्क पाना असेल तर साधारण २ न्यूटन-मीटर पुरतात. माउंटच्या पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. जोर लावून आवळल्यास स्कोपच्या नळीवर खळगा पडतो आणि तो दुरुस्त होत नाही.

झीरो करायला १० मीटरपासून सुरुवात करा, मागे छर्रा अडवणारा भक्कम आडोसा हवा. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) नॉबची एक क्लिक १० मीटरवर सुमारे ०.७ मिमी नेम हलवते, म्हणजे एका सेंटीमीटरला १४ क्लिक. एका छर्र्यावरून नॉब फिरवू नका. पाच मारा, त्यांचा मध्य पाहा. पुढच्या काही सरावांनंतर सगळे स्क्रू पुन्हा तपासा.

तुमच्या मुलाला किंवा मुलीला १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत उतरवायचं असेल, तर स्कोपवर पैसे घालू नका. तिथं तो चालत नाही, पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची साधी साइट) लागते. घेण्याआधी आम्हाला विचारा. आणि पक्ष्या-प्राण्यांवर ही रायफल उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे.

ओळंब्याशी जुळवूनही क्रॉसहेअर तिरकी वाटली, तर रायफल माउंटसकट दुकानात आणा. सुटा स्कोप पाहून आम्हाला फारसं काही सांगता येत नाही.